ओएफडीएम जुनं झालं का? मल्टिकॅरिअर मॉड्युलेशनवर मराठीत बोलू या

मृणाल_धरमपेठ | १२ मे, रात्री ९.४०

नमस्कार. मी नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कम्युनिकेशन शिकवते, एकोणीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा घेत होते. विषय ओएफडीएम, म्हणजे डेटा एकाऐवजी शेकडो रेडिओ सुरांवर (कॅरिअरवर) वाटून एकदम पाठवायची रीत. एका मुलीला विचारलं, ओएफडीएममध्ये सायक्लिक प्रीफिक्स कशाला लावतात? "टू अव्हॉइड इंटर-सिम्बॉल इंटरफिअरन्स, मॅडम." क्षणात उत्तर. म्हणजे एका सिम्बॉलची, एका वेळी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याची, शेपटी पुढच्यावर चढू नये म्हणून. मग विचारलं, त्यासाठी दोन सिम्बॉलच्या मध्ये नुसती शांतता ठेवली तर भागेल की, सिम्बॉलच्याच शेपटीची नक्कल पुढे आणून का जोडायची? ती गप्प झाली. तिच्या मागून आलेल्या अकरा जणांना हाच प्रश्न विचारला. एकालाही सांगता आलं नाही.

ही मुलं हुशार आहेत. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून आलेली, बारावीपर्यंत मराठीत विचार केलेली. इंग्रजी वाक्य पाठ होतं आणि त्या वाक्याखाली चित्र काही उभं राहत नाही. दोष त्यांचा नाही, आम्ही ते चित्र त्यांच्या भाषेत कधी काढलंच नाही. म्हणून हा धागा.

मी वर्गात सुरुवात कशी करते ते आधी सांगते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास फिरला असाल तर भोंग्यांवरची पुकारणी ऐकली असेल. हरवलेल्या लेकराचं नाव जवळच्या भोंग्यातून आधी येतं, लांबच्या भोंग्यातून नंतर. १०० मीटर लांबचा भोंगा साधारण ०.३ सेकंद मागे पडतो. पुकारणारा भरभर बोलला तर एका शब्दावर आधीच्या शब्दाची शेपटी चढते आणि नाव कळत नाही. सरावलेला माणूस अक्षर लांबवतो, मध्ये थांबतो.

आता सीताबर्डीत उभे राहा. टॉवरची लहर मोबाइलपर्यंत सरळ येते, मेट्रोच्या पुलावर आपटून येते, किल्ल्याच्या टेकडीकडून वळसा घेऊन येते. रेडिओलहर १ मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे ६०० मीटरच्या वळशाला २ मायक्रोसेकंद उशीर. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच कॅरिअरवर भरभर सिम्बॉल पाठवले तर एक सिम्बॉल ०.०५ मायक्रोसेकंदाचा होतो. म्हणजे वळसा घालून आलेली लहर चाळीस सिम्बॉल मागची गोष्ट सांगत असते. तो गुंता सोडवणारा इक्वलायझर बनवता येतो, पण तो फार महागात पडतो.

हळू बोललं की गुंता सुटतो, पण वेग जातो. त्यावरची तोड अशी की एकाऐवजी बाराशे जणांनी एकदम बोलायचं, प्रत्येकाने हळू, प्रत्येकाचा सूर वेगळा. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत, २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १,२०० सूर असतात, एकमेकांपासून १५ किलोहर्ट्झवर, आणि प्रत्येक सिम्बॉल ६६.७ मायक्रोसेकंदांचा. तेच २ मायक्रोसेकंद आता सिम्बॉलच्या ३ टक्के झाले.

बाराशे सूर एकमेकांत मिसळत का नाहीत? ६६.७ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत प्रत्येक सुराची पूर्ण आवर्तनं बसतात, अर्धवट एकही नाही. एका सुराने दुसऱ्याला गुणून त्या खिडकीत बेरीज केली की उत्तर शून्य येतं. ऑर्थोगोनल म्हणजे एवढंच.

आता माझा खरा प्रश्न. माझ्या एका विद्यार्थ्याला एम.टेक.चा विषय निवडायचा आहे. त्याला कोणीतरी सांगितलंय, ओएफडीएम जुनं झालं, एफबीएमसी नाहीतर ओटीएफएस या नव्या रीतींपैकी एक घे. त्यालाही इथे बोलावलं आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

---

अजनीचा_काका | १२ मे, रात्री १०.५५

मृणालताई, धागा काढला ते फार चांगलं केलं. मी टेलिफोनच्या कामातून निवृत्त झालो.

तुमच्या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नावर त्या पोरीला कमी मार्क देऊ नका. ही विद्या शोधणाऱ्यांनाही त्या उत्तराला वेळ लागला. बेल लॅब्समधल्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये एकमेकांवर चढलेले तरीही न भांडणारे सूर कसे रचायचे ते मांडलं. पण प्रत्येक सुराला वेगळा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट), वेगळा फिल्टर. बाराशे ऑसिलेटर कोण लावणार? १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी दाखवलं की ऑसिलेटरांची ही रांग एका डिस्क्रीट फूरिअर ट्रान्सफॉर्मने, म्हणजे सूर एकत्र आणि सुटे करायच्या गणिताने, उभी करता येते. तेच गणित झटपट करणारी एफएफटीची कूली-ट्यूकी रीत १९६५ मध्ये आलेलीच होती. १,०२४ सुरांना सरळ हिशोबाने दहा लाखांवर गुणाकार लागतात, एफएफटीने ५,१२० मध्ये भागतं.

आणि बघा, १९७१ मध्ये त्या दोघांनी सिम्बॉलच्या मध्ये मोकळी जागाच ठेवली होती. तीच शांतता, जी तुम्ही पोरीला विचारली. शेपटीची नक्कल पुढे लावायची हे पेलेड आणि रुईझ यांनी १९८० मध्ये मांडलं. नऊ वर्षं गेली मधात.

---

ठेका_सोळा | १२ मे, रात्री ११.३०

मूळचा महालातला, सध्या पुण्यात डीएसपी (सिग्नलवरच्या गणिताचा) कोड लिहितो. लहानपणापासून तबला शिकलो, म्हणून प्रीफिक्स मला तबल्यावरूनच समजलं.

तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे एक सिम्बॉल, सोळा मात्रा. ऐकणारा बरोबर सोळा मात्रांची खिडकी उघडतो आणि त्यात काय वाजलं ते ओळखतो. आता एक वादक थोडा उशिरा ऐकू येतोय, दोन मात्रा मागे. आवर्तनाआधी शांतता असेल तर खिडकीत त्याच्या पहिल्या दोन मात्रा रिकाम्या आणि पुढच्या चौदाच वाजलेल्या. आवर्तन अपुरं राहिलं. सूर अपुरा राहिला की मृणालताई म्हणाल्या ती शून्याची बेरीज शून्य राहत नाही, शेजारच्या सुरात गळते.

शांततेऐवजी तेराव्या मात्रेपासून सुरुवात करा. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, मग सम आणि पूर्ण आवर्तन. मुखडा घेऊन समेवर यावं तसं. आता उशिरा ऐकू येणाऱ्याचं बघा. खिडकी उघडली तेव्हा तो पंधराव्या मात्रेवर आहे, मग सोळा, मग एक, दोन, तीन असं करत चौदावर संपतो. सोळाच्या सोळा मात्रा मिळाल्या, फक्त वर्तुळात सुरुवात दुसरीकडून झाली. सूर अखंड आहे, थोडा फिरला आहे, एवढंच. फिरलेला सूर सरळ करायला एक गुणाकार पुरतो. प्रत्येक सबकॅरिअरला, म्हणजे प्रत्येक सुराला, एक गुणाकार, झाला इक्वलायझर.

म्हणजे शांतता आधीच्या सिम्बॉलची शेपटी झेलते आणि तिथेच थांबते. नक्कल शेपटी झेलते आणि सुरांची ऑर्थोगोनॅलिटीही राखते. अट एकच, उशीर मुखड्यापेक्षा लांब नको.

---

मृणाल_धरमपेठ | १३ मे, सकाळी ७.१५

ठेका_सोळा, हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. वर्गात दोन मुली तबला शिकणाऱ्या आहेत, त्यांनाच फळ्यावर बोलावते.

---

प्रतापनगर_०४ | १३ मे, दुपारी १.२०

नमस्कार सगळ्यांना. मॅडम ज्याच्याबद्दल लिहितायत तो मी. वरचं सगळं दोनदा वाचलं.

मला प्रामाणिकपणे सांगा, २०१६-१७ नंतरचे पेपर पाहिले की एफबीएमसी, यूएफएमसी, जीएफडीएम, ओटीएफएस हीच नावं दिसतात. ओएफडीएमवर काम केलं तर पुढे नोकरीत, पीएचडीच्या मुलाखतीत कोणी विचारेल का? आणि ओटीएफएस चालत्या गाडीसाठी चांगलं म्हणतात. आपल्याकडे समृद्धी महामार्ग आहे, तिथे ओएफडीएम चालत नसेल तर तोच विषय घेतो.

---

फिल्टरबँक | १३ मे, दुपारी ३.०५

समृद्धीचा हिशोब करून पाहू. वेगमर्यादा १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. ५जीचा मधला पट्टा ३.५ गिगाहर्ट्झ धरू. डॉप्लर, म्हणजे वेगामुळे सूर जेवढा सरकतो तो आकडा: वेग गुणिले फ्रीक्वेन्सी भागिले प्रकाशाचा वेग, येतात ३८९ हर्ट्झ. सबकॅरिअरचं अंतर ३० किलोहर्ट्झ. म्हणजे सूर आपल्या जागेपासून १.३ टक्के सरकला. चॅनेल, म्हणजे टॉवर ते फोन हा लहरींचा रस्ता, साधारण १ मिलिसेकंद तसाच राहतो आणि ५जीचा स्लॉट त्या अंतरावर ०.५ मिलिसेकंदाचा आहे, प्रत्येक स्लॉटमध्ये (वेळेच्या तुकड्यात) पायलट, म्हणजे आधीच माहीत असलेला सिग्नल, पाठवून चॅनेल पुन्हा मोजता येतो. समृद्धीवर ओएफडीएम व्यवस्थित चालतं.

ताशी ५०० किलोमीटरची गाडी घेतली तर १,६२० हर्ट्झ येतात. १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर ते १० टक्क्यांच्या पुढे जातं, तिथे दुखायला लागतं. विमानं, खालच्या कक्षेतले उपग्रह, तिथे ओटीएफएसचा विचार करण्यात अर्थ आहे. हदानी आणि सहकाऱ्यांनी ते २०१७ मध्ये मांडलं. डेटा वेळ आणि फ्रीक्वेन्सीच्या जाळीत न ठेवता उशीर आणि डॉप्लरच्या जाळीत ठेवायचा. प्रत्येक परावर्तन त्या जाळीत एका ठिपक्यासारखं दिसतं आणि ठिपके सावकाश हलतात. कल्पना सुंदर आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये चोकलिंगम आणि आयआयटी दिल्लीत सैफ खान मोहम्मद यांनी त्यावर मोलाचं काम केलं आहे, ते जरूर वाच. रिसीव्हरचं गणित मात्र एका गुणाकारात संपत नाही. पायलटभोवती मोकळी जागा सोडावी लागते आणि पूर्ण चौकट जमा होईपर्यंत थांबावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच, आधी चॅनेल मोज. प्रतिध्वनी किती लांब, डॉप्लर किती मोठा. त्यानंतर वेव्हफॉर्म, म्हणजे लहर रचायची रीत, निवड. नावावरून निवडू नकोस.

---

अजनीचा_काका | १३ मे, संध्याकाळी ६.४०

"आधी चॅनेल मोज" यावरून आठवलं. घरी तांब्याच्या तारेवर एडीएसएल ब्रॉडबँड होतं तेव्हा मी मॉडेमच्या पानावर टोनचा तक्ता उघडून बसत असे. एडीएसएलमध्ये हेच मल्टिकॅरिअर, तिथे त्याला डीएमटी म्हणतात. २५६ टोन, अंतर ४.३१२५ किलोहर्ट्झ. मॉडेम आधी प्रत्येक टोनवर गोंगाट किती ते मोजतं आणि मग ठरवतं, या टोनवर १२ बिट, त्या टोनवर ४, याच्यावर काहीच नाही.

माझ्या तक्त्यात १३५-१३६ नंबरच्या टोनांवर कायम खड्डा. बरेच दिवस कारण कळेना. मग गुणाकार केला. १३६ गुणिले ४.३१२५ म्हणजे ५८६.५ किलोहर्ट्झ. ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे आपलं आकाशवाणी नागपूर! घराबाहेरची उघडी तार अँटेनासारखी वागत होती. मॉडेमने न सांगता ते दोन-तीन टोन सोडून दिले आणि बाकीच्यांवर काम चालू ठेवलं.

पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की वरचे टोन एकेक करून पडायचे. वेग कमी व्हायचा, पण लाइन तुटायची नाही. एकच कॅरिअर असता तर एका खड्ड्याने सगळी लाइन नासली असती. मल्टिकॅरिअरवर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

---

टॉवरवाला_बुटीबोरी | १३ मे, रात्री ९.५०

सगळे चांगलंच सांगून राहिले. मी टॉवरच्या देखभालीचं काम करतो, बुटीबोरी ते उमरेड पट्टा. ओएफडीएमची दुसरी बाजू मले दर मे महिन्यात हाताले लागते म्हणून लिहितो.

बाराशे सूर एकदम वाजून राहिले म्हणजे कधी ते एकमेकाले कापतात, कधी सगळे एका वेळी वर येतात. ६४ सूर एकाच क्षणी वर आले तर शिखर सरासरीच्या ६४ पट, १८ डेसिबल. बाराशेचं कागदावर ३१ डेसिबल होते. तसं प्रत्यक्षात होत नाही, पण हजारातला एखादा सिम्बॉल १०-११ डेसिबलच्या वर जातेच. यालेच पीएपीआर म्हणतात.

आता पॉवर अॅम्प्लिफायरले ते शिखर चिरडू द्यायचं नाही. चिरडलं की सूर वाकडे होतात आणि शेजारच्या पट्ट्यात घाण सांडते. मग अॅम्प्लिफायर मागे ओढून, म्हणजे पूर्ण ताकदीच्या बराच खाली, चालवा लागते. क्लास बी अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्के. १० डेसिबल मागे ओढला की २५ टक्क्यांच्या आत. बाकीची वीज कुठं जाते? उष्णतेत. वर ४५ डिग्रीचं ऊन, आणि रेडिओ युनिट आतून तापून राहिलं. दुपारी त्याच्या पाठीवरच्या फिन्सले हात लावता येत नाही.

म्हणून आता युनिटमध्ये तीन उपाय एकत्र असतात. आधी शिखरं बेताने छाटतात, त्याले क्रेस्ट फॅक्टर रिडक्शन म्हणतात. मग अॅम्प्लिफायर जसा वाकवणार त्याच्या उलट सिग्नल आधीच वाकवून देतात, ते डिजिटल प्रीडिस्टॉर्शन. आणि अॅम्प्लिफायर स्वतः डोहर्टी जातीचा, मागे ओढला तरी कमी वीज खाणारा. डोहर्टी साहेबांनी तो बेल लॅब्समध्येच १९३६ साली रेडिओ प्रक्षेपणासाठी शोधला होता.

पोरा, तुले विषय पायजे ना? पीएपीआर घे. ज्यानं एक डेसिबल कमी केला त्यानं टॉवरच्या जनरेटरचं किती डिझेल वाचवलं ते आमाले विचार.

---

फिल्टरबँक | १४ मे, सकाळी १०.१०

टॉवरवाला भाऊ, असा प्रतिसाद कोणत्याही पेपरात मिळत नाही. मनापासून आभार.

आता एफबीएमसीची बाजू. मी त्याच्यावर तीन वर्षं घालवली आहेत, म्हणून पक्षपाती वाटेन. ओएफडीएमचा प्रत्येक सूर चौकोनी खिडकीत कापलेला असतो. चौकोनी कापल्यामुळे त्याच्या बाजूच्या लहरी लांबवर पसरतात, पहिली बाजूची लहर फक्त १३ डेसिबल खाली. एफबीएमसीत प्रत्येक सबकॅरिअरला स्वतःचा गुळगुळीत फिल्टर असतो, तो चार सिम्बॉल इतका लांब असू शकतो. गळती जवळपास संपते आणि प्रीफिक्सही लागत नाही. एलटीईचं प्रीफिक्स ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास ७ टक्के वेळ नुसती नक्कल, तो वेळ वाचतो.

---

ठेका_सोळा | १४ मे, सकाळी ११.००

मग ५जीने ते का घेतलं नाही, हेही लिहा. पोरगा वाचतोय.

---

फिल्टरबँक | १४ मे, दुपारी १२.४५

लिहितो. पहिलं कारण अनेक अँटेना. एफबीएमसीत शेजारच्या सुरांची ऑर्थोगोनॅलिटी फक्त संमिश्र संख्येच्या वास्तव भागात टिकते, काल्पनिक भागात ठरावीक गळती उरते. एका अँटेनाला ती सांभाळता येते. मायमोमध्ये, म्हणजे चार-आठ अँटेना एकदम वापरण्यात, तीच गळती सगळा हिशोब बिघडवते, आणि ५जी तर मायमोवरच उभं आहे. दुसरं, लांब फिल्टरांना लांब शेपट्या. छोटासा संदेश पाठवायचा असेल तर शेपटीच संदेशाइतकी मोठी होते.

तिसरं कारण मला स्वीकारायला सर्वात जड गेलं. ओएफडीएमची गळती ट्रान्समीटरमध्येच, कडा गुळगुळीत करून किंवा पूर्ण पट्ट्याला एक फिल्टर लावून पुरेशी कमी करता आली, तीही रिसीव्हरला काही न कळवता. एलटीई २० पैकी १८ मेगाहर्ट्झ वापरतं, ९० टक्के. ५जीत १०० मेगाहर्ट्झमध्ये ३० किलोहर्ट्झचे ३,२७६ सबकॅरिअर बसतात, ९८.२८ मेगाहर्ट्झ. आम्ही जी जागा वाचवून देऊ म्हणत होतो ती त्यांनी तशीच वाचवली. २०१६ मध्ये मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने प्रीफिक्सवालं ओएफडीएमच ठेवायचं ठरवलं.

तरीही जिथे वापरणारे एकमेकांशी वेळ जुळवू शकत नाहीत आणि रिकामा स्पेक्ट्रम तुकड्यातुकड्यात आहे, तिथे मी आजही एफबीएमसीच सुचवेन. या मतावर मी ठाम आहे.

---

मृणाल_धरमपेठ | १४ मे, रात्री ८.३०

मला तुमचं तिसरं कारण मुलांना शिकवायचं आहे. ५जीत नवं काय केलं असं विचारलं की मुलं म्हणतात, "ओएफडीएमच आहे, मॅडम, नवं काही नाही." पण सबकॅरिअरचं अंतर बदलता येतं हीच मोठी गोष्ट आहे. १५, ३०, ६०, १२० किलोहर्ट्झ. अंतर दुप्पट केलं की सिम्बॉल अर्धा होतो, डॉप्लर सोसतो, पण प्रीफिक्सही अर्धं होतं. १५ ला ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे १,४०० मीटरचा वळसा सोसतो. ३० ला २.३, म्हणजे ७०० मीटर. वायफायचं जुनं ८०२.११ए घ्या, ०.८ मायक्रोसेकंद, २४० मीटर. घरात चाललं, फुटाळा तलावाच्या पलीकडे लावलं तर अडखळलं. वायफाय ६ मध्ये ते ३.२ पर्यंत नेता येतं, आणि बाहेर लावलेल्या लिंकला तेच उपयोगी पडतं.

प्रतापनगर, तुझ्याकडे तो संगणकाला लावून रेडिओलहरी ऐकायचा डोंगल आहे ना, आरटीएल-एसडीआर? घराच्या छतावरून एलटीई ऐकून बघ. फक्त ऐकायचं आहे, प्रसारण करायचं नाही.

---

प्रतापनगर_०४ | १६ मे, रात्री ११.१५

मॅडम, केलं. ८८० मेगाहर्ट्झच्या आसपास एक एलटीई कॅरिअर सापडलं. सेकंदाला १.९२ मेगासॅम्पलने नोंद घेतली. मधले सहा रिसोर्स ब्लॉक (बारा-बारा सुरांचे गट) त्यात येतात, एफएफटी १२८ ची. नोंद १२८ सॅम्पलने मागे सरकवून स्वतःशीच गुणली आणि सरासरी काढली. प्रीफिक्स शेपटीची नक्कल असल्यामुळे दर १३७ सॅम्पलनंतर शिखर दिसतं, आणि सातातलं एक १३८ वर! पहिल्या सिम्बॉलचं प्रीफिक्स १० सॅम्पलचं, बाकीच्यांचं ९. सात मिळून ९६०, म्हणजे बरोबर ०.५ मिलिसेकंद. पुस्तकातला आकडा आपल्या छतावर येऊन पडलेला पाहिला. रात्री आईला उठवून दाखवलं.

पण पुढे अडलो. त्या शिखराच्या कोनावरून फ्रीक्वेन्सीची चूक काढली, २.१ किलोहर्ट्झ आली. ती दुरुस्त केली. तरी टॉवरशी वेळ जुळवायचा प्रायमरी सिंक सिग्नल सापडत नाही. त्याचे ठरलेले तिन्ही क्रम लावून पाहिले, २५, २९, ३४. दर ५ मिलिसेकंदांनी शिखर यायला हवं, नीट येतच नाही. दोन दिवस गेले.

---

ठेका_सोळा | १६ मे, रात्री ११.५०

तुझा कोड बरोबर असणार. कोन घड्याळाच्या काट्यासारखा असतो, पूर्ण फेरी मारून आला की तिथेच दिसतो. प्रीफिक्सवरून चूक फक्त अधिक-उणे अर्ध्या सबकॅरिअरपर्यंत कळते, म्हणजे ७.५ किलोहर्ट्झ. त्या डोंगलचा क्रिस्टल, म्हणजे त्याचं घड्याळ, ३०-४० पीपीएमने (दहा लाखांत ३०-४० भागांनी) चुकलेला असू शकतो. ८८० मेगाहर्ट्झवर ३० पीपीएम म्हणजे २६ किलोहर्ट्झ, एका सबकॅरिअरच्या पुढे. काटा फेरी मारून आला आहे आणि तुला फक्त उरलेला भाग दिसतोय. सिंक सिग्नलचं शिखर अशा वेळी दबतं, नाहीतर भलत्या जागी सरकतं.

१५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी पुढे-मागे सरकवून प्रत्येक वेळी शोध.

---

प्रतापनगर_०४ | १७ मे, दुपारी ४.३०

सापडलं! दोन पायऱ्यांवर. ३० अधिक २.१, म्हणजे ३२.१ किलोहर्ट्झ, साधारण ३६.५ पीपीएम. क्रम २९. दर ५ मिलिसेकंदांनी ताठ शिखर.

आणखी एक पाहिलं. ती नोंद पहाटेची होती. आज दुपारी २ वाजता डोंगल छतावर ठेवून पुन्हा घेतली तर २.१ चे ४.७ झाले. उन्हाने क्रिस्टल ३ पीपीएम सरकला. टॉवरवाला दादा, तुम्ही उष्णतेबद्दल लिहिलं ते आता कळलं.

आता यावरून सीताबर्डीतले प्रतिध्वनी मोजायचे का? कुठली इमारत किती मीटरवर आहे ते काढता येईल?

---

फिल्टरबँक | १७ मे, संध्याकाळी ६.००

शाब्बास. पण इथे सावध राहा. १.९२ मेगासॅम्पल घेतलेस तरी कामाचे सूर १.०८ मेगाहर्ट्झमध्येच आहेत. त्यातून साधारण १ मायक्रोसेकंदापेक्षा बारीक उशीर वेगळे दिसणार नाहीत, म्हणजे ३०० मीटर. एकेक इमारत कळणार नाही. मात्र किल्ल्याच्या टेकडीसारखा लांबचा वळसा आहे की नाही, ते दिसू शकेल. बारीक मोजायचं तर २० मेगाहर्ट्झ घेणारा रिसीव्हर लागेल.

---

अजनीचा_काका | १७ मे, रात्री ९.२०

विषयाबद्दल माझं एक म्हणणं आहे, पोरा. टॉवरवाल्याने पीएपीआर टॉवरच्या बाजूने सांगितला. फोनच्या बाजूने बघ. फोनच्या छोट्या अॅम्प्लिफायरला शिखरांसाठी मागे ओढलं की त्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. म्हणून एलटीईत फोन ते टॉवर या दिशेला सूर पाठवायच्या आधी डेटा एका डीएफटीतून (त्याच डिस्क्रीट फूरिअर ट्रान्सफॉर्ममधून) काढतात. त्याला डीएफटी-स्प्रेड ओएफडीएम म्हणतात. लहर पुन्हा एका कॅरिअरसारखी होते, शिखरं बसतात, आणि प्रीफिक्सचा फायदाही राहतो. ५जीत दोन्ही ठेवलेत, टॉवरजवळ साधं ओएफडीएम, कडेला गेलं की हे.

यात भारताचा वाटा आहे. आपल्याकडे गावं विखुरलेली, ग्रामपंचायतीच्या गावी टॉवर आणि वाड्या लांब. म्हणून टॉवर ६ किलोमीटर अंतरावर असतील आणि माणसं सावकाश फिरणारी असतील, अशी ५जीची कसोटी भारताने आयटीयूत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेत, मान्य करून घेतली. इतरांच्या ग्रामीण कसोटीत ते अंतर १,७३२ मीटर होतं. पाय-बाय-टू बीपीएसके या मॉड्युलेशनमध्ये प्रत्येक सिम्बॉल ९० अंशांनी फिरवत नेतात, लहर शून्यातून जात नाही, त्यावर आकार दिला की शिखर जवळपास उरत नाही. आपल्या आयआयटीवाल्यांनी त्यावर जीव तोडून काम केलं, ५जीआय हे भारतीय मानक आयटीयूने २०२१ मध्ये मान्य केलं आणि पुढे ते थ्रीजीपीपीच्या मानकात विलीन झालं.

कुही-भिवापूरकडच्या एखाद्या वाडीवरून शेतकऱ्याचा फोन टॉवरला ऐकू जाणं या शिखरांवर अवलंबून आहे.

---

टॉवरवाला_बुटीबोरी | १७ मे, रात्री १०.०५

काका, हे रोज पाहतो. फोनवर काड्या दिसतात, आवाज येते, पण आपला आवाज तिकडे जात नाही. लोक म्हणतात टॉवर खराब हाय. टॉवर ठीक राह्यते, फोनचा दमच पुरत नाही.

---

प्रतापनगर_०४ | १८ मे, सकाळी ८.४०

रात्रभर विचार केला. विषय ठरवला: फोन ते टॉवर या दिशेसाठी डीएफटी-स्प्रेड ओएफडीएममध्ये पाय-बाय-टू बीपीएसकेचं आकार देणं, आणि त्याने अॅम्प्लिफायर किती कमी मागे ओढावा लागतो ते केबलवर, मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावून मोजणं. ओटीएफएस वाचत राहीन, फिल्टरबँक सर. पण आधी हे.

टॉवरवाला दादा, अॅम्प्लिफायरचं तापमान कसं मोजता ते मला प्रत्यक्ष पाहायचं आहे. आणि सीताबर्डीची नोंदही घ्यायची आहे, ३०० मीटरपेक्षा बारीक नाही दिसलं तरी चालेल.

---

टॉवरवाला_बुटीबोरी | १८ मे, सकाळी ९.१०

टॉवरच्या आवारात परवानगीशिवाय नेता येत नाही. पण एक जुना, बंद पडलेला अॅम्प्लिफायर बोर्ड माझ्याकडे आहे, तो उघडून दाखवतो. अजनीले काकांकडे घेऊन येऊ का?

---

अजनीचा_काका | १८ मे, सकाळी ९.३०

या. रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. छतावर डोंगल लावू, तिथून सीताबर्डीची दिशा मोकळी आहे. मृणालताई, त्या तबला शिकणाऱ्या पोरींनाही आणा. जुन्या एडीएसएल मॉडेमच्या तक्त्याची छापील पानं मी काढून ठेवतो.